लहरींचे पाढे

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाढे घोकले असतील. पाढ्यांत गणिताचे ज्ञान नसते, गणिताचा साठा असतो. 'आठ साते छप्पन' म्हणणारा मुलगा आठ वेळा सात मिळवीत बसत नाही. फार पूर्वी कोणीतरी केलेल्या बेरजेचे उत्तर तो नुसते उचलतो. पावकी, निमकी, दीडकी ही जी आपल्या पंतोजींची परंपरा, तिचे मर्म हेच की, जे पुन्हा पुन्हा लागणार आहे ते एकदाच नीट करून ठेवावे आणि लागेल तेव्हा काढावे. आजच्या व्याख्यानात आम्ही ज्या वाद्याची हकीकत सांगणार आहोत ते वाद्य या युक्तीवर उभे आहे. त्याला इंग्रजी जाणणारे 'वेव्हटेबल सिंथेसायझर' म्हणतात. आम्ही त्याच्या पायाला लहरीकोष्टक म्हणू. आज हे वाद्य लाकडाचे वा पितळेचे नसून संगणकाच्या पोटात राहणारी निव्वळ आज्ञावली असते. परंतु त्याचा इतिहास यंत्रांचा जेवढा आहे त्याहून अधिक माणसाच्या हाताचा आणि कानाचा आहे.

प्रथम नादाविषयी थोडे. नादाचे तीन गुण आपल्या संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात : उंची, लहानमोठेपणा आणि जाती. सारंगीवरचा षड्ज आणि बासरीवरचा षड्ज उंचीने व जोराने सारखे असूनही डोळे मिटून वेगळे ओळखू येतात, ते जातीमुळे. ही जाती कशाने ठरते, याचे गणिती बीज फ्रेंच पंडित फूर्ये याच्या १८२२ च्या ग्रंथात सापडते. तो ग्रंथ वास्तविक उष्णतेवरचा! पण पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही लहर ही साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते, हा त्यातला सिद्धांत नादालाही लागू पडला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ साली तो कानाशी जोडून दाखविला. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर वाजत असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे नादाला जाती येते. आपल्याला हे शिकायला जर्मनीला जाण्याचे कारण नाही. खर्जाची तार छेडली की तीतून स्वयंभू गांधार ऐकू येतो. तो पाचवा अंश होय.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे, तर मिरजेच्या कारागिराचे काम डोळ्यांपुढे आणावे. जवारी काढताना तो घोडीचा माथा किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो. पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून एका जागी तो थांबतो, आणि तार जणू उघडते. येथे हात आणि कान यांच्यामध्ये क्षणाचेही अंतर नाही. हाताने काय केले हे कान लगेच सांगतो आणि कानाने काय मागितले हे हात लगेच करतो. हे अंतर आपण माप म्हणून हाती ठेवू, कारण पुढच्या साठ-पासष्ट वर्षांची हकीकत आम्ही याच मापाने मोजणार आहोत.

आता अमेरिकेत जाऊ. न्यू जर्सी राज्यातील मरे हिल या गावी बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. टेलिफोनवरून बोलणे स्पष्ट कसे जाईल याचा शोध घेताना तेथे आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी साधने तयार झाली होती. मॅक्स मॅथ्यूज हा तेथील अभियंता हौशी व्हायोलिनवादकही होता. त्याचा वरिष्ठ जॉन पिअर्स याच्या उत्तेजनाने त्याने १९५७ साली एक आज्ञावली लिहिली. तिचे नाव नुसते 'म्युझिक', आणि पुढे तिची भावंडे निघाल्यामुळे 'म्युझिक एक'. संगणक होता आयबीएम ७०४. परंतु तो मरे हिलला नव्हता. तो नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात, मॅडिसन ॲव्हेन्यूवर होता. तेव्हा भोके पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा घेऊन शहरात जायचे, यंत्राला तो चारायचा, यंत्राने चुंबकीय फितीवर लिहिलेले आकडे घेऊन परत मरे हिलला यायचे आणि तेथल्या रूपांतरकावर ती फीत चालवायची. मग कोठे नाद कानी पडायचा. १७ मे १९५७ रोजी न्यूमन गटमन याची 'द सिल्व्हर स्केल' ही अवघी १७ सेकंदांची रचना अशा रीतीने वाजली. तिला सुंदर म्हणण्याचे धाडस फारसे कोणी करीत नाही. एकच आवाज, एकच त्रिकोणी आकाराची लहर. बदलता येणार फक्त उंची, जोर आणि काल. पण आमच्या मापाने पाहा : हात मॅडिसन ॲव्हेन्यूवर आणि कान मरे हिलला! जवारी काढणाऱ्याला घोडी घासायला कोल्हापूर आणि ऐकायला मिरज, अशी ही तऱ्हा.

पुढच्याच वर्षी, १९५८ साली, 'म्युझिक दोन'मध्ये पाढ्यांची युक्ती आली. यंत्राने प्रत्येक क्षणी लहरीची किंमत नव्याने काढायची म्हटले तर सेकंदाला दहा-वीस हजार वेळा तेच गणित करावे लागते, आणि त्या काळच्या यंत्राला ते फार जड होते. म्हणून लहरीचे एकच आवर्तन घ्यावे, त्याच्या किमती क्रमाने स्मरणात मांडाव्यात, आणि स्वर हवा तेव्हा ते कोष्टक पुन्हा पुन्हा वाचावे. 'म्युझिक दोन'मध्ये असे चार आवाज होते आणि लहरींचे १६ आकार स्मरणात तयार असत. स्वर उंच हवा तर कोष्टक भराभर वाचावयाचे, खालचा हवा तर सावकाश. भराभर म्हणजे उड्या मारीत. आजच्या रिवाजाप्रमाणे कोष्टकात २०४८ घरे आणि सेकंदाला ४४,१०० वाचने धरली, तर ४४० कंपनांच्या स्वरासाठी प्रत्येक वाचनाला २०.४३ घरांची उडी घ्यावी लागते. आता .४३ घर कोठे असते? येथे लॉगॅरिथमची कोष्टके वापरलेले श्रोते हसतील. दोन नोंदींच्या मधली किंमत काढण्याचा आपला जुना मार्ग तेथेही तसाच चालतो.

१९६० च्या 'म्युझिक तीन'मध्ये मॅथ्यूजने आणखी एक मोठी गोष्ट केली. लहर काढणारा, जोर बदलणारा, दोन आवाज मिळविणारा असे निरनिराळे घटक त्याने सुटे केले आणि वापरणाऱ्याने ते हवे तसे जोडावेत अशी सोय ठेवली. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. येथे एवढेच म्हणतो की, त्यानंतरच्या बहुतेक सर्व इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आज्ञावल्या या जोडणीच्याच वंशातल्या.

१९६३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅथ्यूजने लेख लिहून संगणक हे वाद्य आहे असे प्रतिपादन केले. तत्त्वतः कोणताही ऐकू येणारा नाद त्यातून काढता येईल, असा त्याचा दावा होता आणि तत्त्वतः तो बरोबरच होता. परंतु 'तत्त्वतः' हा शब्द फार फसवा. कोणताही नाद काढता येईल, पण त्यासाठी कोणते आकडे द्यावयाचे? दुकानात सर्व काही मिळते असे सांगून दुकानदाराने दिवा मालवावा, तशी रचनाकाराची स्थिती झाली.

दिवा लावण्याचे काम ज्यांनी केले त्यांत झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच तरुणाला आम्ही अग्रस्थान देतो. तो भौतिकशास्त्रज्ञ आणि पियानोवादक. १९६४ साली तो बेल प्रयोगशाळेत आला आणि ट्रम्पेटच्या मागे लागला. ट्रम्पेटच्या एका आवर्तनाची हुबेहूब नक्कल कोष्टकात घालून वाजविली, तरी ट्रम्पेट म्हणून ती पटत नसे. रिसेने खऱ्या ट्रम्पेटचे स्वर मुद्रित करून संगणकाकरवी त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा असे दिसले की फुंकेचा जोर वाढतो तसे वरचे उपस्वर अधिक प्रमाणात वाढतात आणि जोर ओसरला की ते आधी मावळतात. म्हणजे स्वराची जाती ही स्थिर वस्तूच नाही! एका स्वराच्या अर्ध्या सेकंदाच्या आयुष्यातही ती बदलत असते, आणि कान वाद्य ओळखतो तो मुख्यतः या बदलावरून. एकच पाढा किती वेळा म्हटला तरी त्यातून जिवंत नाद का निघत नाही, याचे उत्तर मिळाले. रिसेने १९६९ साली संगणकाने बनविलेल्या नादांची एक सूची तयार केली. तीत नादांबरोबर ते बनविण्याची कृतीही दिलेली होती. स्वयंपाकघरातली पाककृती शेजारणीला मोकळेपणाने सांगावी तशी ही वृत्ती, आणि तिचे मोल पुढे आणखी कळेल.

पण नाद बदलता ठेवायचा म्हणजे दुरुस्तीचे काम शतपट वाढले. एक लहर आकड्यांनी लिहिणे जेथे जिकिरीचे, तेथे बदलणाऱ्या लहरींची मालिका कोण लिहिणार? साहजिकच लोकांना वाटले, आकडे नकोत, चित्र काढू. बेल प्रयोगशाळेतच प्रकाशलेखणीने पडद्यावर स्वरलेखन काढण्याची व्यवस्था १९६० च्या दशकात झाली. झेनाकिस या ग्रीक वंशाच्या, वास्तुशास्त्र जाणणाऱ्या रचनाकाराने पॅरिसमध्ये १९७७ साली 'युपिक' नावाची यंत्रणा उभी केली. तीत मोठ्या फलकावर लेखणीने लहरीचा आकार काढावयाचा आणि रचनाही रेषांनीच आखावयाची. १९७८ ची 'मिसेन आल्फा' ही त्यावरची त्याची पहिली रचना. १९७९ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी 'फेअरलाइट' हे वाद्य काढले. त्याच्या हिरव्या पडद्यावरही प्रकाशलेखणीने लहर रेखाटता येई.

कल्पना मनोहर खरी. मात्र येथे डोळ्याने कानाला चांगलेच फसविले. लहरीचे चित्र हे सर्व उपस्वरांच्या बेरजेचे चित्र असते, आणि त्या बेरजेत कोणता उपस्वर केव्हा सुरू झाला याप्रमाणे आकार पार बदलतो. कानाला मात्र त्या आरंभकालाची फारशी पर्वा नसते; तो प्रमाणे ऐकतो. त्यामुळे दोन अगदी निराळी दिसणारी चित्रे जवळजवळ एकसारखी ऐकू येतात, आणि उलट, चित्रात नखाएवढा कोपरा राहिला तर कानाला काच ओरखडल्यासारखे वाटते. हाताने डोंगर काढावा आणि त्यातून डोंगर ऐकू यावा अशी सोय निसर्गाने केलेली नाही. फेअरलाइट गाजले ते रेखाटलेल्या लहरींमुळे नव्हे. प्रत्यक्ष आवाज मुद्रित करून तो स्वरपट्टीवर वाजविता येई, यामुळे.

आता आपण हँबुर्गला येतो. वोल्फगांग पाल्म हा तेथील वाद्यनिर्माता. 'पीपीजी' हे त्याच्या छोट्या कंपनीचे नाव; 'टँजरीन ड्रीम' या जर्मन वाद्यवृंदाशी तिचा निकट संबंध होता. त्या काळच्या वाद्यांत आधी भरपूर उपस्वरांची लहर काढून मग विद्युत् गाळणीने ती गाळीत आणि अशा रीतीने जाती बदलत. पाल्मची कल्पना वेगळी. गाळणी कशाला? एका कोष्टकाऐवजी ६४ कोष्टकांची मालिका करावी, शेजारच्या दोन लहरींत थोडाच फरक ठेवावा, आणि स्वर चालू असतानाच वाचणाऱ्याने पहिल्याकडून चौसष्टाव्याकडे सरकत जावे. पाढा एकच न म्हणता पाढ्यांची वही उलटीत जावे म्हणा ना. १९७८ च्या 'वेव्हकॉम्प्युटर ३६०' मध्ये त्याने हे करून दाखविले. रिसेला जे ट्रम्पेटमध्ये दिसले होते त्याला हे नेमके उत्तर होते. अर्थात गाळणीविना हे वाद्य काहींना करकरीत आणि किडकिडीत वाटले. म्हणून १९८१ च्या 'वेव्ह २' मध्ये पाल्मने गाळण्या परत आणल्या. प्रत्येक शोधकाला आपल्या सिद्धांतात एवढी तडजोड करता आली तर किती बरे होईल!

पाल्मच्या काटकसरीचे एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो. स्मरणपेटी तेव्हा महाग. त्याची लहर १२८ घरांची, पण साठविलेली घरे ६४ च. उरलेला अर्धा भाग पहिल्याच अर्ध्याला उलट-सुलट करून मिळवायचा. शिवाय वहीतली सगळी पानेही भरलेली नसत. ठरावीक पानांवर लहरी ठेवून मधल्या लहरी यंत्र स्वतः काढी. आता गंमत अशी की अर्धी लहर उलटून जोडली की सर्व उपस्वर एकाच क्षणी शून्यातून निघतात, हे गणिताने सिद्ध होते. याचा लाभ काय? शेजारच्या दोन पानांवर एखादा उपस्वर भलत्या भलत्या वेळी सुरू होत असेल, तर मधल्या पानावर दोन्ही एकमेकांना खातात आणि नाद मध्येच पोकळ होतो. पाल्मच्या वहीत आरंभ बांधलेले असल्यामुळे ही पोकळी बरीच टळते. गरिबीने केलेली सोय शहाणपणाचीही ठरली.

परंतु पाल्मच्या वाद्याला एक मोठी उणीव होती, आणि आमच्या विषयाचा गाभा येथे आहे. वही यंत्राच्या पोटात कायमची छापलेली होती. वादकाला पाने उलटता येत, लिहिता येत नसत. स्वतःच्या लहरी हव्या असतील तर 'वेव्हटर्म' नावाचा वेगळा संगणक जोडावा लागे. त्यावर आवाज मुद्रित करावा, त्याचे पृथक्करण करावे, उपस्वर बदलावेत आणि लहरी वाद्याकडे धाडाव्यात. हे यंत्र इतके महाग की मोठ्या स्टुडिओखेरीज ते घेणार कोण? परिणामी जगभर शेकडो वादक हँबुर्गच्या त्याच छापील वहीतून वाजवीत राहिले. त्यांतून उत्तम संगीत निघाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याला जवारी काढता येत नाही तो वाजविणारा विकतच्या जवारीवर समाधान मानतो, आणि हळूहळू निराळी जवारी असू शकते हेही विसरतो. पीपीजी १९८७ मध्ये बंद पडली. तिच्या लहरींचा वारसा वाल्डोर्फ या जर्मन कंपनीच्या १९८९ च्या 'मायक्रोवेव्ह' वाद्यात आला. (नाव ऐकून स्वयंपाकघर आठवेल, पण त्याला इलाज नाही.)

नावांचाच विषय निघाला म्हणून एक खुलासा. १९९० च्या दशकात घरगुती संगणकांतील ध्वनिपट्ट्यांवर 'वेव्हटेबल' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असे. तेथे बहुधा पियानो, तबकडी-ढोल वगैरेंचे तयार मुद्रित तुकडे वाजत. पाल्मच्या सरकत्या वहीशी त्यांचा संबंध नावापुरताच होता.

आता आजच्या काळाकडे येऊ. संगणक एवढे वेगवान झाले की लहरींचे सर्व काम आज्ञावलीच करू लागली, आणि २०१४ साली स्टीव्ह ड्यूडा याची 'सीरम' ही आज्ञावली बाहेर आली. तीत एका वहीत २५६ पाने, प्रत्येक पानावर २०४८ घरे. पण आमच्या मते सीरमचे खरे महत्त्व आकड्यांत नाही. संपादनाचे दालन वाद्याच्या आतच उघडते, हे तिचे महत्त्व. वेव्हटर्म वेगळे नाही, तबकड्यांची ने-आण नाही. एका हाताने स्वर दाबून धरावा आणि दुसऱ्याने लहर बदलावी. बदललेली लगेच ऐकू येते. लहर रेखाटता येते, उपस्वरांच्या उभ्या रेघा एकेक वरखाली करता येतात, सूत्र लिहिता येते, किंवा एखादा मुद्रित आवाज आत टाकून त्याची पाने पाडता येतात. मघाशी सांगितलेली पोकळी टाळण्यासाठी सर्व उपस्वरांचे आरंभ एका आज्ञेने जुळविता येतात. आवर्तनाचा शेवट आरंभाशी न जुळल्याने होणारी टकटक काढता येते. आणि केलेले पुसून मागे जाता येते. ही शेवटची सोय क्षुल्लक वाटेल. पण घासलेली घोडी पुन्हा भरून येत नाही, हे ज्या कारागिराला माहीत आहे त्याला तिची किंमत विचारा.

पडद्याआड एक काम गुपचूप चालते, तेही सांगितले पाहिजे. सेकंदाला ४४,१०० वाचने असतील तर २२,०५० कंपनांवरचा स्वर त्यात मावत नाही. तो मुकाट्याने निघून जात नाही, परावर्तित होऊन खाली येतो. १,००० कंपनांच्या स्वराचा तिसावा अंश ३०,००० चा. तो १४,१०० म्हणून ऐकू येतो, आणि १४,१०० ही १,००० ची पट नसल्यामुळे बेसूर लागतो. यासाठी चांगली आज्ञावली प्रत्येक लहरीच्या अनेक आवृत्त्या बाळगते. स्वर जसजसा चढेल तसतशी कमी उपस्वरांची आवृत्ती वाचते. रेखाटणाऱ्याला याची वार्ताही नसते, आणि नसावीच.

असे सर्व असूनही २५६ पाने एकेक करून कोणी सुधारीत बसत नाही. म्हणून आजच्या संपादनाचा प्रश्न बदलला आहे : एका लहरीत फेरफार कसा करावा हा प्रश्न सुटला, शंभर-दोनशे लहरींच्या प्रवासाला वळण कसे द्यावे, हा उरला. जाणकार माणूस चार-पाच पाने मनापासून घडवतो आणि मधली यंत्राकडून भरून घेतो. म्हणजे स्मरणपेटी महाग असताना पाल्मने जे केले तेच आज ती फुकटासारखी असताना चालू आहे, कारण माणसाचे लक्ष अजून महागच आहे. दुसरीकडे तयार वह्यांचा बाजार हजारोंनी भरला आहे आणि निवडण्यातच संध्याकाळ संपते. हात कानापाशी आला तेव्हाच हाताला आळस चढावा, हे आम्हांला खटकते. तथापि, रिसेच्या सूचीतली वृत्तीही नष्ट झालेली नाही. 'सर्ज' या वाद्याची मूळ आज्ञावली २०१८ साली सर्वांना खुली झाली. २०२० साली मॅट टायटेल याचे 'व्हायटल' आले, त्याची प्राथमिक आवृत्ती विनामूल्य आणि आज्ञावली वाचावयास उघडी. पाढा घोकणारालाही तो कसा तयार होतो हे तेथे पाहता येते.

स्वतः पाल्मही स्वस्थ बसला नव्हता. २०१२ साली त्याने हातात धरावयाच्या काचेच्या पाटीसाठी, म्हणजे आयपॅडसाठी, 'वेव्हजनरेटर' नावाचे वाद्य बनविले. त्यात लहरी एका ओळीत न मांडता चौकटींच्या पटावर मांडलेल्या असतात, बुद्धिबळाच्या घरांसारख्या. वादकाने बोट टेकवून हवे तिकडे सरकवावे. बोट ज्या घरावरून जाईल त्या घराची जाती नादाला येते.